घोट्यावरचा अंगठा

डॉक्टरसाहेबांनी माझं तोंड पहिल्यांदा केव्हा पाहिलं ते मला सांगता यायचं नाही. पाय मात्र पहिल्याच दिवशी पाहिले.

मी तेव्हा अकोटला कापसाच्या जिनात कामाला जात होते. खोकला हटत नव्हता म्हणून कोणीतरी सांगितलं, अकोल्याला जठारपेठेत एक डॉक्टर आहे, जरा तऱ्हेवाईक आहे, पण गुण येतो. गेले. आत जाऊन स्टुलावर बसले, तर हा माणूस आपली खुर्ची सोडून माझ्यापुढे खाली उकिडवा बसला आणि माझ्या घोट्याजवळ अंगठा दाबून धरला. मी पाय ओढून घेतला.

"खोकला छातीत हाये साहेब, पायात नाई."

"छातीचं मंग पाहू. तोंड काईबी सांगते. पायाले बोलता येत नाई, म्हनून तो खरं सांगते."

मला वाटलं, माणूस येडा आहे. पुढे माझं सगळं आयुष्य त्यांच्याच दवाखान्यात गेलं, पण ते मत काही मी पूर्ण सोडलं नाही.

त्याच दिवशी छाती तपासायच्या आत एक वाजला. एक वाजला की ते शटर अर्धं ओढून घेत आणि वरच्या मजल्यावर जेवायला जात. दवाखाना खाली, घर वर. बायको, दोन मुलं, मुलगी, सगळ्यांनी एकला पानावर बसायचं म्हणजे बसायचं. मुलांच्या शाळेत मधली सुट्टी कधी होते हे त्यांनी हेडमास्तरांशी बोलून ठरवून घेतलं होतं, असं लोक सांगत. त्या वेळी जो पेशंट खाली अडकला असेल तोही वर जायचा. मी म्हटलं, मला भूक नाही. तर म्हणाले, "भूक नोको दाखवू. जेवून दाखव."

मी जेवले. आंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकर होती. ते स्वतः जेवता जेवता माझ्याकडे पाहत होते. शेवटी बायकोला, आमच्या वहिनींना, म्हणाले, "हिचा रोग सापडला. छातीत कापूस भरला हाये आन् पोटात काईच नाई. जिनात गेली का खोकला वापस येते. बाई, तू खाली झाडझूड कर, सुया उकळ. जिनात नोको जाऊ."

मी विधवा बाई, लेकरू ना बाळ. राहिले.

आता बेबीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, साहेबांच्या आठवणींच्या पुस्तकासाठी मला लिहायला बसवलं आहे. म्हणाली, "मावशी, बाकीचे सगळे बाबांना देवमाणूस लिहितील. तू खरं लिही." मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं येतं. पण देवमाणूस वगैरे मी लिहिणार नव्हतेच. आमच्या लोकांत देव मानत नाहीत, आणि ते माणूस होते तेवढं पुरे आहे.

माणूस कसा, तर सकाळी दवाखाना उघडायचा, पेशंट बाकावर येऊन बसायचे आणि साहेब त्यांच्यापुढे बसून बेबीच्या वेण्या घालायचे. वहिनी शाळेत मास्तरीण, त्यांची शाळा सकाळची. मग पोरीचं डोकं साहेबांच्या वाट्याला. वेणी काय, बँडेजच बांधत होते. पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. बाकावरून म्हाताऱ्या बाया सांगायच्या, "डाक्तरसायेब, डावी खाली आली."

"तुमी खोका, माय. वेनी माह्यावर सोडा."

"अवो पन भांग वाकडा हाये."

मग सगळं सोडून पुन्हा घालायचे. शाळेला उशीर झाला तर स्कूटरवर सोडायला जायचे, आणि पेशंट तोवर बसून राहायचे. कोणी कुरकुर केली तर मी सांगत होते, घाई असली तर दुसरा डॉक्टर पाहा, त्याला पोरगी नसेल.

माणसं त्यांना पायांवरून ओळखू यायची. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर आधी खाली पाहायचे, मग "हां, तुमी काय!" म्हणायचे. एस.टी.त बसले की समोरच्या बाकाखाली डोकं घालून पाहायचे. एकदा मूर्तिजापूरच्या बाईनं त्यांना चपलेनं हाणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. लग्नात मांडवात बसायचे नाहीत, जोडे काढतात तिथं खुर्ची टाकून बसायचे. लोकांना वाटायचं, डॉक्टर किती साधे, दारात बसले. साधे कसले. मोजे काढले की कोणाच्या पायावर वळ उठतो ते त्यांना पाहायचं असायचं.

हे सगळं चालून गेलं. चाललं नाही ते बेबीच्या लग्नाच्या वेळेला.

आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. साहेबांनी त्याऐवजी जीभ पाहायला सुरुवात केली. पहिलं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, दिसायला राजबिंडा. त्यानं पेढा मोडून, तुकडा तुकडा करून खाल्ला. साहेब उठले, आतून टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, "आ करा." त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गाल आतून आखडले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला खर्ऱ्यावर एवढं मोठं भाषण दिलं. ते लोक चहा न घेता गेले. दुसऱ्या स्थळाचा मामा खोकत होता. त्याला साहेबांनी थुंकी तपासायची डबी आणून दिली, तीही पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवून. तो मामा पुढे औषधांनी बरा झाला. स्थळ काही वापस आलं नाही.

तिसरं स्थळ अमरावतीचं. खरं म्हणजे ते स्थळ नव्हतंच. मुलगा आणि बेबी अमरावतीला एकाच कॉलेजात होते आणि दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मोठ्यांनी फक्त पोहे खायचे होते. बेबी आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बापाला म्हणाली, "बाबा, या वेळी मोडलं तर मी दुसऱ्या कोणाशी करणार नाही. आणि तुमच्याशी बोलणार पण नाही." ती बोलली तसं करणारी पोरगी आहे. ती सवय तिला कोणाकडून आली ते सांगायला नको.

वहिनींनी साहेबांना शपथ घ्यायला लावली. "उद्या तुम्ही डॉक्टर नाही. पोरीचे बाप आहात. आजाराचा एक शब्द तोंडातून निघाला नाही पाहिजे."

"नाई काढत."

"टॉर्च नाही. थुंकीची डबी नाही."

"नाई म्हटलं ना."

माझ्याकडे काम होतं की ते घसरायला लागले की खोकायचं. जिनातला खोकला केव्हाच गेला होता, पण खोकायचं कसं ते मी विसरले नव्हते.

अमरावतीवाले आले. मुलाचे वडील पाटबंधारे खात्यातले मोठे अधिकारी, ताठ माणूस. त्यांनी पहिलेच कळवलं होतं की हुंडा नाही, आंदण नाही, मानपान नाही. जिना चढताना ते अर्ध्यात थांबले आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहत उभे राहिले. ते मागल्या वर्षाचं कॅलेंडर होतं. वर येऊन त्यांनी जोडे काढले, मोजे काढले, आणि मी पाहिलं की साहेबांची नजर खाली गेली ती तिथंच खिळली. झालं, म्हटलं मी मनात.

पण साहेबांनी कमाल केली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. हवापाण्यावर बोलले, संत्र्याच्या भावावर बोलले. घाम त्यांनाच फुटला होता. मुलाचे वडील बोलताना मधेच श्वास घ्यायला थांबायचे आणि साहेब त्यांच्यासोबत श्वास घ्यायचे. बेबीनं पोहे आणले. आणि साहेब म्हणाले, "साहेब, एक विचारू?"

मी खोकले.

"विचारा ना."

"झोपताना उशाले उशा किती घेता?"

आजाराचा शब्द नव्हता, शपथ मोडली नव्हती. मुलाच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा लाल झाला.

"डॉक्टरसाहेब, आमी आंदन घेत नाई हे पहिलेच सांगितलं होतं. तुमच्या गाद्या-उशा तुमच्या घरी राहू द्या."

"तसं नाई. एक घेता का दोन, एवढंच..."

"एकही नाई पाहिजे!"

मी एवढी खोकले की शेजारीण पाणी घेऊन आली. वहिनी सावरायला गेल्या, पण माणूस उठला होता. अपमान झाला होता त्याचा. हुंडा नको म्हणणाऱ्याला घरी बोलावून उशा मोजून दाखवायच्या म्हणजे काय. तो दाराशी जाऊन मोजे घालायला वाकला, आणि आमचे साहेब धावत जाऊन त्याच्या पायाशी बसले.

"अहो, हे काय करून राहिले? पाया कायले पडता? पोरीचे बाप झाले म्हनून काय..."

साहेब पाया पडत नव्हते. त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला होता. मला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, पण बेबी दारात उभी होती आणि तिला दिसला तो बाप, लोकांच्या पायाशी. अंगठा उचलला तेव्हा तिथं खड्डा पडला होता, भिजल्या कणकेत पडतो तसा, आणि तो भरून येत नव्हता. मुलानंही तो पाहिला. साहेबांनी वर वहिनींकडे पाहिलं, वर्गात पोरगं बोलायची परवानगी मागतं तसं. वहिनींनी तोंड फिरवलं.

ते लोक गेले. बेबीनं खोलीचं दार लावून घेतलं.

एक वाजला. पानं वाढलेली तशीच. त्या घरात एकला कोणी जेवलं नाही असा तो मला आठवणारा पहिलाच दिवस. साहेब ताटापुढे बसले, भाकरीचा तुकडा मोडला, ठेवला, आणि उठले. "बाई, बॅग घ्या."

मी बॅग घेतली. स्कूटर काढली. तेवढ्यात बेबी खाली आली. डोळे सुजलेले.

"कुठे चालले?"

"अमरावती रोडनं."

"बाबा, पुन्हा त्यांच्या पायाशी बसायला?"

"हो," साहेब म्हणाले.

बेबी दवाखान्यात गेली आणि बीपीचं यंत्र घेऊन आली. "हे राहिलं तुमचं," म्हणाली, माझ्या मांडीवर आदळलं आणि वर निघून गेली.

साहेबांची स्कूटर मी चांगली ओळखत होते, ती कोणाला गाठेल असं मला वाटत नव्हतं. पण बोरगावच्या पुढे एका हॉटेलसमोर त्यांची गाडी उभी दिसली. मुलाचे वडील झाडाखाली बाजेवर बसले होते, शर्टाची वरची बटणं उघडी. हवा पाहिजे म्हणून उतरले होते. समोर चहा निवत होता. आम्हाला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

साहेबांनी स्कूटर स्टँडला लावली आणि उभ्या उभ्याच बोलले.

"साहेब, सोयरीक मोडली. माह्याकडून मोडली, तुमच्याकडून नाई. माही पोरगी तुमच्या घरी येनार नाई. मी आता इथी कोनाचा बाप नाई. आता तरी तपासू द्या."

मुलगा जागीच उभा राहिला. त्याला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला माहीत. वडिलांनी साहेबांकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी मोडली?"

"बापाले बोलाची बंदी होती. डॉक्टरले नाई."

त्या ताठ माणसानं चहाचा पेला बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "तीन."

"काय?"

"उशा. तीन घेतो. तरी बसूनच झोप लागते."

"आन् मी म्हनून राहिली का यायले गॅस होते!" त्यांची बायको कपाळावर हात मारून म्हणाली. "ओवा खाऊ घालून राहिली मी, बाप्पा!"

बीपी साहेबांनी बाजेवरच घेतलं. किती भरलं ते मला सांगितलं नाही, पण स्कूटर हॉटेलवाल्याकडे टाकून ते त्यांच्या गाडीत बसले, यावरून मी समजले. मला पुढे बसवलं. गाडी अकोल्याला वळली. हृदयाचं काम थकलं होतं, फुप्फुसात पाणी साचायला लागलं होतं, म्हणून पाय सुजत होते आणि आडवं पडलं की दम कोंडत होता. साहेबांच्या मित्राच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. मित्र म्हणाला, अमरावतीपर्यंत गेले असते का नसते, त्याची खात्री नव्हती.

घरात बेबी बापाशी बोलत नव्हती. सांगितलं होतं तसं. पण एक वाजता मुलाच्या वडिलांचा डबा तीच घेऊन जायची, बिनमिठाचा. मुलगा वडिलांजवळच होता. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काय बोलणं झालं ते मी ऐकायला गेले नाही. मला डबा रिकामा वापस आला की पुरे होतं.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी ते सगळे आमच्याकडे आले, बरोबर एक वाजता. मुलाच्या वडिलांनी जिना चढताना कॅलेंडर पाहिलं नाही. वर येऊन पानावर बसले आणि साहेबांना म्हणाले, "सोयरीक मोडली हे तुमी एकट्यानंच ठरवलं. आमाले विचारलं का?"

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं.

"त्या दिवशीचे पोहे राहिले आमचे. आना."

बेबीनं पोहे केले. त्यांनी एक घास घेतला. "मीठ कमी हाये."

"टाकलंच नाही," बेबी म्हणाली.

"मंग पोरगी पसंत हाये," ते म्हणाले. बेबी हसली आणि बापाला म्हणाली, "बाबा, पाणी देऊ?" इतक्या दिवसांत त्यांच्याशी बोललेली ती पहिलीच गोष्ट. साहेब पाणी प्यायला म्हणून उठले ते मोरीत जाऊन नाक शिंकरत बसले. मी तिथं गेले नाही. कोणी रडत असलं की मला काय करावं ते समजत नाही.

लग्न झालं. बुद्धवंदना, पांढरी साडी, बुंदी आणि पुरी. अमरावतीवाल्यांनी काही घेतलं नाही. फक्त निघताना व्याही म्हणाले, "एक उशी द्या. एकच. आता एकच लागते." वहिनींनी नवीन खोळ घालून दिली. ते ती काखेत मारून गाडीत बसले.

नंतर पुष्कळ वर्षं गेली. साहेब म्हातारे झाले, मी झाले, दवाखान्याचं शटरही कुरकुरायला लागलं. दोन्ही मुलं नोकरीवर बाहेर. पण एकचं जेवण सुटलं नाही, मग पानावर वहिनी, ते, मी आणि खाली अडकलेला जो कोण असेल तो. एका वर्षी साहेब भर उन्हाळ्यात मोजे घालायला लागले. अकोल्याच्या उन्हाळ्यात माणूस कातडीसुद्धा उतरवून ठेवेल, आणि हे मोज्यात. मी हसले तर म्हणाले, "टाचा फुटल्या हाये."

त्याच सुमाराला बेबीच्या घराचा गृहप्रवेश झाला अमरावतीला. आम्ही तिघं गेलो. नवीन घर दुसऱ्या मजल्यावर. साहेब जिन्यात अर्ध्यावर थांबले आणि खिडकीतून बाहेर पाहायला लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्याची पाण्याची टाकी होती. वर दारात व्याही उभे होते. ते पाहत होते.

जेवणं व्हायच्या आधी व्याही साहेबांजवळ येऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इवाई, झोपताना उशाले उशा किती घेता?"

"एक," साहेब म्हणाले.

"चार!" वहिनी तिकडून म्हणाल्या. "आणि माझी ओढून घेतात ती वेगळी."

लोक हसले. साहेब चिडले. "मी इथी पावना म्हनून आलो. पेशंट म्हनून नाई आलो."

व्याही गुडघे धरत, कण्हत खाली बसले आणि साहेबांचा मोजा ओढला. साहेबांनी पाय मागे घेतला, मी घेतला होता तसाच. व्याह्यांनी सोडला नाही. अंगठा ठेवला, दाबला, उचलला. खड्डा पडला होता.

"काहून लपवलं?" व्याह्यांनी विचारलं.

"दवाखाना बंद कराले लावसान तुमी सगळे मिळून."

"कोन म्हनते बंद करा? सकाळी उघडा, एकले बंद करा. पन आता माह्या गाडीत बसा."

"पोरीच्या घरची पंगत सोडून?"

"सोयरीक मोडू का मंग? मोडतो, बसा."

दोघं म्हातारे एकमेकांचा हात धरून जिना उतरले, कोण कोणाला सांभाळत होतं ते वरून समजत नव्हतं.

साहेब त्यानंतर बरीच वर्षं जगले, अर्धा दिवस दवाखाना करत, बिनमिठाचं जेवत आणि त्यावरून वहिनींशी भांडत. मागल्या वर्षी गेले. एकचं जेवण झालं, हात धुतले, खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत. मरण कसं यावं हे विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं, फक्त भाजीत मीठ मागितलं असतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे साहेबांच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, गर्दी झाली. वंदना झाली, लोक चांगलं चांगलं बोलले, देवमाणूस तर किती वेळा झालं. मी मागे बसले होते. दाराशी, जोडे काढतात तिथं, व्याही खुर्ची टाकून बसले होते. नव्वदीकडे झुकलेला माणूस, हातात काठी. मला वाटलं, गर्दीत जीव घाबरा होत असेल. मग पाहिलं, येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाकडे पाहून राहिले होते. एका जाड्या माणसाला त्यांनी काठी आडवी लावून थांबवलंसुद्धा.

मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी काठीनं माझ्या लुगड्याचा काठ थोडा वर केला.

"बाई, उशा किती घेता?"

"एकही नाई. मान दुखते."

ते जरा हिरमुसले. मग पाणी पिऊन, पेला माझ्या हातात देऊन, दारातून आत येणाऱ्या पुढच्या पायांकडे पाहायला लागले.